आधीच्यांना लागू नाही

ऑस्ट्रेलियातल्या मालकाने कामगाराला सुट्टीच्या दिवशी फोन केला आणि कामगाराने तो उचलला नाही, तर मालकाला त्याच्यावर डाफरता येतं की नाही, हे मला कुवेतमध्ये बसून तोंडपाठ आहे. येत नाही. फोन वाजवी कारणासाठी असेल तर गोष्ट वेगळी, पण वाजवी म्हणजे काय यावर मी तासभर बोलून दाखवीन. ऑस्ट्रेलिया मात्र मी पाहिलेला नाही. इथल्या शर्क भागातल्या आमच्या ऑफिसच्या खिडकीतून मासळीबाजाराचं छप्पर दिसतं आणि त्यामागे समुद्र. दाभोळच्या मुलीला परदेश म्हणून तेवढा पुरतो.

कंपनी मेलबर्नची. तिचे ग्राहक म्हणजे तिकडचे छोटे छोटे मालक. कोणाची बेकरी, कोणाची रोपवाटिका, कोणाचं गाड्या धुण्याचं दुकान. या लोकांना कामगारांचे कायदे वाचायला वेळ नसतो आणि तिकडे तर कायदे सारखे बदलतात. म्हणून दर बदलाची सोपी सूचना लिहून आम्ही त्यांना पाठवतो, आणि त्यांचे फोन आले की उत्तरं देतो. आम्ही सकाळी सहाला खुर्चीत असतो, तेव्हा तिकडे दुपार झालेली असते. हे काम कुवेतमध्ये का करतात, तर आम्ही स्वस्तात पडतो. यात मला राग नाही. राग यायला मला इतर पुष्कळ गोष्टी आहेत.

आमच्या सूचनेचा साचा ठरलेला. काय बदललं, कधीपासून, कोणाला लागू नाही. तिसरा भाग मी सुरू केला. मालक लोक पहिला भाग घाबरत वाचतात आणि तिसरा आशेने. आपण त्यातून सुटतो का, एवढंच त्यांना हवं असतं. तिसरा भाग चोख असला की फोन निम्मे कमी होतात. त्यामुळे नवीन कायदा हातात आला की मी आधी त्याची शेवटची पानं उघडते आणि तो कुठल्या तारखेच्या आधीच्यांना लागू नाही ते शोधते. माझी बोटंच तिकडे जातात. नवीन येणाऱ्या मुलींना मी हेच शिकवते.

माझी मुलगी ऑक्टोबरमध्ये गेली. गेली म्हणजे आलीच नाही. नववा सरत आला होता. सकाळी तिने लाथ मारली तेव्हा मी हसले होते, कारण माझ्या हातातला चहा हिंदकळला. संध्याकाळपर्यंत ती हलली नाही. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई मशीन फिरवत राहिल्या, फिरवत राहिल्या, आणि मग त्यांनी पडदा माझ्याकडून पलीकडे वळवला. तेव्हाच मला कळलं. पुढे त्या काय बोलल्या ते मी ऐकलेलं नाही.

आमच्यात अशा बाळालाही नाव ठेवतात. जवेरिया. नाव मी आधीच ठरवून ठेवलं होतं. नवऱ्याने, फैजानने, तिला कापडात गुंडाळून नेलं आणि त्याच्या रिफायनरीतल्या चार मित्रांबरोबर जाऊन सुलैबिखातच्या कबरस्तानात पुरलं. परत आल्यावर तो न्हाणीत गेला आणि कितीतरी वेळ पाणी सोडून उभा राहिला. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत भर उन्हात पायपांवर चढणारा माणूस, आणि त्या दिवशी त्याच्या हाताला टॉवेल धरवेना. मी त्याला काही विचारलं नाही. त्याने मला काही सांगितलं नाही.

माझी अम्मी तेव्हा आमच्या मंगफच्या घरात होती. बाळंतपणासाठीच आली होती, महिन्याभराच्या व्हिसावर, मोठ्या मिनतवारीने. दाभोळहून निघताना तिने अख्खी बॅग बाळंतिणीच्या सामानाने भरली होती. डिंक, खारीक, सुकं खोबरं, बाळंतशेपा, शेकासाठी वावडिंग, पोटपट्ट्याचं जुनं मऊ लुगडं आणि अळीवाची एक मोठी पिशवी. अळीव दुधासाठी. आमच्याकडे बाळंतिणीला अळिवाची खीर नाही दिली तर लोक नावं ठेवतात.

मी हॉस्पिटलमधून घरी आले त्या दिवशी अम्मी स्वयंपाकघरात लाडू वळत होती. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. मी दारातच ओरडले, ‘‘कोणासाठी करतेस हे?’’

तिने मान वर केली नाही. ‘‘बालंतिनीसाटी.’’

‘‘कुठली बाळंतीण? बाळ कुठाय?’’

तेव्हा तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘‘पोर नाय ऱ्हेला म्हनून तू बालंतीन नाय, असा कोन म्हनतो? नव म्हयने प्वोटात वागवलास तिला. आंग मोकला झालाय तुजा. हाडा तशीच दुकनार, कंबार तशीच वाकनार. चालीस दिस तू खाटेवरना उटायचा नाय. मी हाय.’’

मी तिथेच खाली बसले आणि रडले. हॉस्पिटलमध्ये सगळे मला ‘सिस्टर, बी स्ट्राँग’ म्हणत होते. बाळंतीण कोणी म्हटलं नव्हतं.

त्या रात्रीपासून माझ्या मनात एकच गोष्ट होती. मला चाळीस दिवस हवे होते. व्हिसा संपेपर्यंत त्यातले अम्मीच्या हाताखालचे जितके मिळतील तितके. तिच्या हातचं तेल, शेक, पोटाला पट्टा, आणि काही न बोलता पडून राहणं. मुलगी मिळणार नव्हती. निदान तिची आई म्हणून पडून राहायला तरी मिळावं. यापलीकडे मी कोणाकडे काही मागत नव्हते.

लाडू खाल्ला तर त्यात अळीव नव्हते. अळिवाची पिशवी तिने फ्रीझरमध्ये, मासळीच्या डब्यांमागे ठेवून दिली होती. दूध मात्र त्याच्याविनाही आलं. शरीराला कोणी कळवलंच नव्हतं. वरच्या मजल्यावरची सुखदा, ती नर्स आहे, कोबीची थंड पानं आत ठेवायला सांगून गेली. अम्मीला काही ते पटेना. ‘‘भाजी ती, छातीवर कशाला?’’ पण जमियातून, जवळच्या सहकारी भांडारातून, ती स्वतः दोन गड्डे घेऊन आली, पानं सोलली, पुसली आणि मला दिली. दूध बसायला दिवस लागले. रात्री उशी ओली व्हायची आणि नेमकी कशाने ते मला कळायचं नाही.

मग जयदीपसरांचा फोन आला. जयदीपसर आमच्या ऑफिसचे मॅनेजर, ठाण्याचे. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

‘‘ताहिरा, आय अ‍ॅम सो सॉरी. खरंच. काय बोलू मी. फैजान ठीक आहे ना?’’ मग थोडं थांबून, ‘‘एक छोटी टेक्निकल गोष्ट होती. तुझी मॅटर्निटी लीव्ह सँक्शन झाली होती ना, ती आता… म्हणजे कंपनीचं म्हणणं असं की ती बेबीसाठी असते. आता ते सिक लीव्हमध्ये बसेल. दहा दिवस घे. नंतर थोडं थोडं ये. तुलाही बरं वाटेल गं, माणसांत.’’

‘‘सर, मी बाळंत झालेय.’’

‘‘हो, हो, ऑफकोर्स. पण पॉलिसीमध्ये तसं नाहीये.’’

‘‘बिनपगारी द्या.’’

‘‘आत्ता? जेनी नोकरी सोडून गेली, तिकडे संसदेत नवं बिल आलंय. ताहिरा, मी तुझ्या पाया पडतो. डिसेंबरनंतर बघू ना.’’

इथला कायदा याबद्दल काय म्हणतो हे मला माहीत नव्हतं. परक्या देशाच्या बेकरीवाल्यांचे हक्क मी झोपेत सांगितले असते, पण स्वतः जिथे राहते तिथलं पुस्तक मी कधी उघडलं नव्हतं. वकील गाठायचा तर अंगात बळ हवं. माझ्यात न्हाणीपर्यंत जायचं नव्हतं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनीच्या नावावर, राजीनामा टाकून घरी बसायची सोय नाही. मी गप्प बसले. ही गोष्ट मी अजून स्वतःला माफ केलेली नाही, आणि जयदीपसरांना तर नाहीच नाही.

दहा दिवसांनी मी कामावर गेले. अम्मी पहाटे चारला उठायची, कारण कंपनीची गाडी पाचला खाली यायची. त्या तासाभरात ती माझं अंग चोळायची, वावडिंगाचा शेक द्यायची, पट्टा आवळायची. पट्टा आवळताना रोज एकच म्हणायची, ‘‘चालीस दिस म्हनले व्हते मी. तुज्या सायबाची आय मेली काय बालंतपनात, त्याला म्हायती नाय?’’ मग डबा हातात द्यायची. डब्यात बाजरीची भाकरी, लसणीची चटणी, लाडू. फहाहील रस्त्यावर गाडीत सगळे पेंगत असायचे. मी पोटावर हात ठेवून बसायचे, सवयीने.

ऑफिसमध्ये सगळे माझ्याशी फार चांगले वागले. इतके चांगले की कोणी मुलीचं नाव विचारलं नाही. माझ्या टेबलावरून कोणीतरी बाळाच्या मोज्यांचा तो जोड उचलून नेला होता, जो त्यांनीच मला निरोपाच्या दिवशी दिला होता. कोणी नेला ते मी विचारलं नाही. कुठे नेला, ते मात्र विचारावंसं वाटत होतं.

आणि पहिलंच काम समोर आलं ते जयदीपसर म्हणत होते त्या बिलाचं. पास होऊन कायदा झाला होता. मी शीर्षक वाचलं आणि खुर्ची मागे सरकवली.

कायदा असा होता की बाळ मेलेलं जन्मलं, किंवा जन्मल्यावर दगावलं, तरी मालकाने स्वतःच्या खर्चाने कबूल केलेली बाळंतपणाची रजा त्याला रद्द करता येणार नाही. बाळ नाही म्हणून रजा नाही, असं म्हणता येणार नाही. तिकडच्या एका आईचं मूल गेलं होतं, तिची रजा रद्द झाली होती, आणि ती गप्प बसली नव्हती. त्या कायद्याला लोक तिच्या बाळाच्या नावाने ओळखत होते. एवढंसं नाव, आणि अख्ख्या देशाच्या मालकांना ते उच्चारावं लागत होतं.

जयदीपसर मागे येऊन उभे होते. ‘‘हे मी सनाला देतो. तू नको करूस.’’

‘‘मी करणार,’’ मी म्हटलं. त्यांच्याकडे न बघता म्हटलं.

मी लिहिलं. काय बदललं: बाळ दगावलं तरी आईची कबूल केलेली पगारी रजा रद्द करू नका. कधीपासून: लगेच. कोणाला लागू नाही: कायदा लागू होण्याआधी ज्यांचं बाळ गेलं त्यांना. लिहिताना कुर्ता ओला झाला. मी दुपट्टा पुढे ओढला आणि पाठवायचं बटण दाबलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. आपण कामात किती चांगल्या आहोत हे बघून माझा मलाच संताप आला.

चार-पाच दिवसांनी फोन आला. बेंडिगो नावाच्या गावातली बेकरीवाली बाई, आमची जुनी ग्राहक. एरवी तिचे प्रश्न म्हणजे रविवारी पाव भाजणाऱ्याला जास्तीचा दर द्यायचा का, असले. आज तिचा आवाज बसलेला होता. तिच्याकडे काउंटरवर काम करणाऱ्या मुलीचं बाळ गेलं होतं, परवाच, पोटातच. बाईने तिला बारा आठवड्यांची पगारी रजा आधीच कबूल केली होती. ‘‘माझा हिशेबनीस म्हणतो, आता ती द्यायची गरज नाही. तुमची सूचना म्हणते, द्यायची. खरं काय?’’

‘‘द्यायची,’’ मी म्हटलं.

‘‘देवाचे उपकार,’’ ती म्हणाली. मग तिने दुसरंच विचारलं. ‘‘ती म्हणतेय, घरी बसून वेड लागेल, मी कामावर येते. येऊ देऊ का?’’

हा कायद्याचा प्रश्न नव्हता. अशा प्रश्नाला ‘याबाबत आम्ही सल्ला देत नाही’ असं म्हणायचं आम्हाला शिकवलेलं आहे. मी म्हटलं, ‘‘तिला यायचं असेल तर येऊ द्या, थकली की घरी जाऊ द्या. पण तिला जड उचलायला लावू नका. ती बाळंतीण आहे. अंग दुखत असणार, दूध येत असणार. आणि बाळाचं नाव विचारा. कोणीच विचारत नाही.’’ इंग्रजीत बाळंतीण या शब्दाला काही सापडेना, म्हणून ‘नुकतंच मूल झालेली बाई’ असं लांबलचक म्हटलं.

मग त्या बाईने हळूच विचारलं, ‘‘तुमच्या बाळाचं नाव काय होतं?’’

मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं, नीट जमेपर्यंत. ऑफिसात पहिल्यांदा ते नाव मोठ्याने उच्चारलं गेलं, आणि तेही बेंडिगोहून.

या बाईने पुढे जे केलं ते मला नंतर कळलं. तिने मेलबर्नला आमच्या मालकीणबाईंना पत्र लिहिलं आणि माझं कौतुक केलं. मालकीणबाईंनी जयदीपसरांना विचारलं, ही ताहिरा कोण, आणि हिला हे सगळं कसं माहीत? जयदीपसरांना सांगावं लागलं. मी रजेवर का नाही, हेही सांगावं लागलं. ते गुरुवारी सकाळी माझ्या टेबलाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

‘‘ताहिरा, मेलबर्नने हो म्हटलंय. आपण दुनियेला सांगतो आणि आपल्याच ऑफिसात नाही, हे बरोबर दिसत नाही म्हणाल्या. कुवेत ऑफिसलाही सेम नियम. आजच्या आज सही होईल. ड्राफ्ट तूच कर, प्लीज. तुझ्याइतकं चोख कोणी लिहीत नाही.’’

माझ्या डोळ्यांपुढे काय आलं, सांगू? दुपारपर्यंत खाटेवर पडलेली मी, आणि पायाशी तेलाची वाटी घेऊन बसलेली अम्मी. तिची फ्लाइट शनिवारी होती. पण व्हिसा संपायला अजून काही दिवस होते. फैजान म्हणाला होता, तुझ्या रजेचं जमत असेल तर तिकीट पुढे ढकलू, शेवटच्या दिवसापर्यंत ठेवू तिला. हा नियम मलाही लागू होईल ना, हे मी विचारलं नाही. त्यात विचारायचं काय होतं? नियम कोणामुळे झाला होता?

मी लिहायला बसले. इतक्या आनंदात मी महिनाभर काही केलं नव्हतं. बोटं नुसती धावत होती. साचा तोच. काय बदललं, कधीपासून, कोणाला लागू नाही. दहा मिनिटांत झालं. एकदा वरून खाली नजर फिरवली, स्पेलिंग बघितलं, पाठवलं. तासाभरात सही होऊन आलं. जयदीपसरांनी ते भिंतीवर लावलं आणि सनाने मला मिठी मारली. मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला, अम्मीला दाखवायला. येताना गाडी थांबवून तिच्यासाठी पिस्त्याचा बकलावा घेतला.

घरी फैजान आलेला होता. सोफ्यावर बसून त्याने बूटही काढले नव्हते, कारण मी फोनवर त्याला म्हटलं होतं, तिकीट बदलायचं बघ. अम्मी मोरीशी कोबीची उरलेली पानं टाकून देत होती. मी म्हटलं, ‘‘अम्मी, ये, बस. तुला वाचून दाखवते. मी लिहिलंय. मेलबर्नच्या बाईने सही केलीय.’’

ती हात पुसत आली आणि जमिनीवर बसली. मी मोबाइल धरला आणि तिच्या बोलीत एकेक ओळ सांगत गेले. ‘‘काय बदलला: ज्या बाईचा पोर पोटात नायतर बाहेर आल्यावर जायल, तिची बालंतपनाची पगारी रजा कंपनी काढून घेनार नाय.’’

‘‘भला झाला,’’ अम्मी म्हणाली.

‘‘कवापासना: आजपासना.’’

‘‘हां.’’

‘‘कोनाला लागू नाय…’’

आणि माझी जीभ तिथेच थांबली. ओळ समोर होती. माझीच ओळ, माझ्याच शब्दांत, स्वच्छ आणि बिनचूक. आजच्या तारखेआधी ज्यांचं बाळ गेलं, त्यांना लागू नाही. कोणी सांगितलं नव्हतं मला ती लिहायला. साच्यात तिसरा भाग असतो म्हणून माझ्या बोटांनी तो लिहिला होता.

‘‘फुडं वाच,’’ अम्मी म्हणाली.

मी वाचलं. मला खोटं वाचता आलं असतं. सुचलं नाही.

फैजानने मान खाली घातली आणि बुटांचे बंद सोडायला घेतले. अम्मी माझ्याकडे बघत राहिली. ‘‘मंजे तुला?’’

‘‘मला नाय.’’

‘‘ह्या कोनी ल्हिला?’’

‘‘मी.’’

मी बाल्कनीत गेले आणि जयदीपसरांना फोन लावला. ‘‘सर, ती शेवटची ओळ काढा. चुकून आलीय. सवयीने आलीय.’’

‘‘ताहिरा, मला वाटलं, तू मुद्दाम घातलीस. तत्त्व म्हणून. मी तर त्यांना सांगितलं, बघा, केवढी सरळ मुलगी आहे, स्वतःला बाहेर ठेवलंय तिने.’’

‘‘काढा ती, सर.’’

‘‘अगं, आता कसं सांगू तुला. त्यांच्या वकिलाने सहीच्या आधी एकच प्रश्न विचारला होता, मागची प्रकरणं कोणी उकरून काढणार नाही ना? मी तुझी ती ओळ दाखवली. त्या ओळीवर सही झालीय गं.’’

‘‘तुम्हाला माहीत होतं ना, मी आहे मागची?’’

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘माहीत होतं.’’ आणि मग ते रडायला लागले, ठाण्याचा एवढा मोठा माणूस. मी फोन बंद केला. त्यांच्या रडण्याचं मी काय करणार होते? माझंच मला पुरून उरत होतं.

खाली रस्त्यावर किराण्याच्या बकाल्यासमोर पोरं सायकली फिरवत होती. नोव्हेंबरची हवा इतकी चांगली होती की माणसं विनाकारण बाहेर उभी होती. मी आत आले. अम्मीने चटई घातली होती, तेल कोमट केलं होतं आणि पाय पसरून बसली होती.

‘‘ये,’’ ती म्हणाली. ‘‘पाठ दे.’’

मी पालथी पडले. ती चोळत राहिली, खांदे, मणके, कंबर, जिथे दुखतं तिथे न सांगता. तिच्या हाताला आज घाई होती. माझे अश्रू चटईत जिरत होते आणि ती मला गप्प बस म्हणत नव्हती. फैजान दारात येऊन उभा राहिला, मग येऊन माझ्या डोक्याशी बसला. पहिल्यांदाच बोलला तो. ‘‘नीट ठेवलंय तिला मी,’’ म्हणाला. ‘‘उजव्या कुशीवर. माती मऊ होती. तुला घेऊन जाईन.’’ एवढं बोलून त्याने माझ्या केसांवर हात ठेवला.

बऱ्याच वेळाने अम्मीने विचारलं, ‘‘सुटी सरली की रयवारी कामावर जावचा हाय ना तुला?’’

‘‘हो.’’

‘‘मंग लाडू डब्यात भरून ठेवतंय. मी नसलं तरी खा.’’

शनिवारी आम्ही तिला विमानतळावर सोडलं. चाळीस दिवस भरले नव्हते, आणि जे झाले त्यातलेही निम्मे मी ऑफिसला दिले होते. आत जाण्याआधी तिने माझ्या कुर्त्यावरून हात फिरवून पट्टा नीट आहे का ते बघितलं. तिथे, सगळ्यांसमोर. मी लहान मुलीसारखी उभी राहिले.

घरी परतल्यावर मी कुठलासा मासळीचा डबा काढायला फ्रीझर उघडला. मागे ती अळिवाची पिशवी तशीच होती. अम्मीने बाकीचं उरलंसुरलं सगळं परत नेलं होतं, हीच ठेवली होती. मी तिला फोन लावला. ती अजून विमानात बसायची होती, मागे घोषणा चालू होत्या.

‘‘अम्मी, अळीव विसरलीस.’’

‘‘इसरले नाय,’’ ती म्हणाली. ‘‘ऱ्हाव दे ती. फुडच्यासाटी.’’

मी बरं म्हटलं. ती भल्यासाठीच म्हणत होती. सगळेच भल्यासाठी म्हणत होते, मेलबर्नची बाई, जयदीपसर, ती ओळसुद्धा. पुढची जी कोणी असेल तिला रजा होती, तिच्यासाठी अळीव होते, भिंतीवर नियम होता. मी पिशवी हातात धरून फ्रीझरसमोर उभी राहिले, आणि थंडीने बोटं बधिर झाली तरी ती मला आत ठेवता येईना. मला पुढची नको होती. मला जवेरिया हवी होती.